विंडोजचा निरोप घेण्यापूर्वी : लिनक्स, जुने ड्राइव्ह आणि अडून बसणारी उपकरणे

कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर हे श्रीनृसिंह सरस्वतींच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झालेले दत्तक्षेत्र. गोवा, कोकण आणि महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांमुळे येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा सतत कानावर पडतात. अशा क्षेत्राच्या गावी निवासाच्या काउंटरवर, झेरॉक्सच्या दुकानात किंवा फोटो छापून देणाऱ्या टपरीवर असणारा संगणक सहसा नवा नसतो. कोणाचा तरी वापरून झालेला, मधल्या काळात रॅम वाढविलेला आणि खोक्याला धूळ बसलेली असली तरी काम चोख करणारा असा तो असतो. सुट्या भागांसाठी सुमारे ४० किलोमीटरवरील कलबुर्गी किंवा त्याहून लांबचे सोलापूर गाठावे लागत असल्याने चालते यंत्र कोणी सहजासहजी मोडीत काढत नाही.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. इच्छुकांसाठी आणखी एका वर्षाच्या सुरक्षा-सुधारणांची सोय आहे. पण ती मुदतवाढच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचेच अधिकृतपणे ग्राह्य धरले जातात. त्यामुळे २०१२ ते २०१७ या काळातील कित्येक धडधाकट यंत्रांना पुढचा रस्ता बंद झाला आहे. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखी विनामूल्य प्रणाली हा सरळ पर्याय ठरतो. लिनक्स मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत.

प्रणाली बदलली आणि काहीतरी चालेनासे झाले, की दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ड्राइव्हसंबंधीच्या बहुतेक अडचणींचे मूळ विंडोजने डिस्कवर मागे ठेवलेल्या अवस्थेत असते आणि ती अवस्था विंडोज शाबूत असतानाच सहज दुरुस्त करता येते. विंडोज एकदा पुसले, की तीच दुरुस्ती कठीण होऊन बसते, प्रसंगी अशक्यही. म्हणून कामाचा खरा भाग लिनक्सची पेनड्राइव्ह लावण्यापूर्वीचा आहे.

‘डी’ म्हणजे वेगळी डिस्क नव्हे

सर्वांत मोठे नुकसान एका गैरसमजातून होते. आपल्याकडे जुळणी करून दिलेल्या संगणकांत एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये आपले सामान, हे समीकरण डोक्यात इतके घट्ट बसलेले असते की ‘सी गेले तरी डी सुरक्षित’ असे गृहीत धरले जाते. विंडोज पुन्हा बसविताना ते खरेही ठरत असे. लिनक्सच्या स्थापकात मात्र ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला तर अख्खी डिस्क पुसली जाते. सी, डी आणि ई तिन्ही. लग्नमुंजीची छायाचित्रे, दहा वर्षांचे हिशेब, देणगीच्या पावत्यांच्या नोंदी हे सारे ज्या ‘डी’मध्ये जपलेले असते, ते एका होकारासरशी जाते.

लिनक्समध्ये सी आणि डी ही अक्षरे नसतात. पहिली डिस्क ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’ आणि त्यांचे भाग ‘एसडीए१’, ‘एसडीए२’ अशी नावे दिसतात. एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कची नावे आणखी वेगळी. आकारावरून ओळखायला जावे तर तेथेही घोळ आहे. विंडोजला जी डिस्क ४६५ जीबीची दिसते, तीच लिनक्सच्या ‘डिस्क्स’ या साधनात ५०० जीबीची दिसते. मोजण्याची पद्धत निराळी, डिस्क तीच. म्हणून विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा किती स्वतंत्र डिस्क आहेत आणि कोणता भाग कोणत्या डिस्कवर आहे, हे कागदावर उतरवून घ्यावे. डिस्कचा मॉडेल क्रमांक लिहून ठेवावा; तो दोन्ही प्रणालींत सारखाच दिसतो. सामानाची एक प्रत संगणकाबाहेर, वेगळ्या यूएसबी डिस्कवर घ्यावी आणि स्थापना चालू असताना ती डिस्क काढून ठेवावी. लावून ठेवलेली राखीव डिस्कच चुकून पुसली जाण्याचा धोका खरा आहे.

प्रत घेण्याआधी डिस्कची प्रकृती पाहणे शहाणपणाचे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या नावाने ठेवत असते. तिच्यातील ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘पेंडिंग सेक्टर’ या दोन आकड्यांकडे लक्ष द्यावे. दुसरा आकडा शून्यापेक्षा मोठा असून दिवसागणिक वाढत असेल तर ती डिस्क मरणपंथाला लागली आहे असे समजावे. अशा डिस्कवर नवी प्रणाली बसविण्याचा खटाटोप करू नये. तिच्यातून वाचेल तेवढे वाचवून घ्यावे आणि सॅटा जोडणीची एसएसडी बसवावी. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आल्यावर जुन्या यंत्राच्या वेगात पडणारा फरक हा लिनक्सने पडणाऱ्या फरकापेक्षाही अधिक जाणवतो, हेही येथे नमूद करणे योग्य.

विंडोजमध्ये असतानाच करावयाची कामे

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ म्हटले तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपली काही अवस्था डिस्कवर साठवून अर्धवट झोपी जाते. त्या वेळी एनटीएफएस पद्धतीने आखलेले भाग ‘वापरात आहेत’ अशा खुणेसह राहतात. लिनक्सने त्यांवर लिहिले तर झोपेतून उठलेल्या विंडोजचा गोंधळ उडेल, म्हणून लिनक्स तो ड्राइव्ह उघडण्यास नकार देते किंवा केवळ वाचण्यापुरता उघडते. ‘लिनक्सवर माझा ड्राइव्ह उघडत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढावी. तो पर्याय सापडत नसेल तर शिफ्ट कळ दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. गंमत अशी की ‘रीस्टार्ट’ केल्यावर विंडोज खरोखर पूर्ण बंद होते, ‘शट डाउन’ केल्यावर होत नाही.

वीज अचानक गेल्याने यंत्र बंद पडले असेल तर असाच प्रकार दुसऱ्या कारणाने घडतो. एनटीएफएस भागावर ‘अस्वच्छ’ अशी खूण राहते. लिनक्सच्या गाभ्यात २०२१ साली, ५.१५ या आवृत्तीपासून, ‘एनटीएफएस३’ हा वेगवान ड्रायव्हर आला. तो ही खूण असलेला भाग सहसा उघडत नाही. या दुखण्यावरचे खात्रीचे औषध म्हणजे विंडोजची ‘चेकडिस्क’. लिनक्समधील ‘एनटीएफएसफिक्स’ ही आज्ञा खूण काढू शकते आणि काही किरकोळ चुका दुरुस्त करू शकते, पण ती चेकडिस्कची जागा घेत नाही. तेव्हा ज्या भागांतील सामान पुढेही लागणार आहे, त्या प्रत्येकावर विंडोज असतानाच एकदा चेकडिस्क चालवून घ्यावी. यूपीएसची बॅटरी मेलेल्या ठिकाणी तर हे काम टाळूच नये.

तिसरी गोष्ट बिटलॉकरची. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. बायोसमधील एखादी मांडणी बदलताच ४८ अंकी रिकव्हरी-की मागणारा निळा पडदा समोर येतो. ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठविलेली असू शकते. परंतु ते खाते ज्याने लॅपटॉप विकला त्याचे असेल, किंवा दुकानदाराने तात्पुरते उघडून दिलेले असेल, तर ती मिळणे दुरापास्त. किल्लीवाचून आतील सामान कोणत्याही प्रणालीत मिळत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पाहावे, ते चालू असल्यास बंद करावे आणि कुलूप उघडण्याची क्रिया पूर्ण होऊ द्यावी. मोठ्या डिस्कला यासाठी काही तास लागतात. किल्ली हाती असेल तर नव्या लिनक्समध्ये बिटलॉकरचा ड्राइव्ह उघडताही येतो.

काही लॅपटॉपांवर लिनक्सच्या स्थापकाला डिस्कच दिसत नाही. घाबरून डिस्क बिघडली असे समजू नये. इंटेलची ‘रॅपिड स्टोरेज’ ही व्यवस्था चालू असल्याने डिस्क तिच्या आड गेलेली असते. बायोसमध्ये सॅटाची पद्धत ‘रेड’ऐवजी ‘एएचसीआय’ केली की ती दिसू लागते. विंडोजही ठेवायचे असेल तर एक काळजी घ्यावी लागते : हा बदल थेट केल्यास विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू होईल असे ठरवावे, मग बायोसमध्ये बदल करावा, सेफ मोडमध्ये एकदा सुरू करून पुन्हा नेहमीच्या पद्धतीवर यावे.

बसविण्याआधी चालवून पाहणे

लिनक्सची पेनड्राइव्ह लावून, डिस्कला हात न लावता ती प्रणाली चालवून पाहता येते. घाईत ही पायरी गाळली जाते. अर्धा तास काढून आवाज, पडदा, वायफाय, कॅमेरा, प्रिंटर आणि झोपवून पुन्हा जागे करणे एवढे तपासले तर पुढचा मनस्ताप वाचतो. जुन्या यंत्रांना लिनक्सने कामाला लावण्याचा अनुभव भारतात नवा नाही. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवरच संगणकशिक्षण दिले जाते आणि गोव्यातील शाळांतही २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशातून आलेल्या जुन्या संगणकांवर असा प्रयोग झाला होता.

वायफाय चालत नाही, ही पहिली तक्रार. येथे लॅपटॉपवरच्या नावापेक्षा आतील चिपचे नाव महत्त्वाचे. इंटेलच्या चिप सहसा विनातक्रार चालतात. ब्रॉडकॉमच्या कित्येक जुन्या चिपना वेगळा, बंदिस्त ड्रायव्हर लागतो. बाजारात मिळणाऱ्या छोट्या यूएसबी वायफाय काड्यांची गोष्ट तर अजबच : खोके तेच, नाव तेच, पण आतील चिप दर खेपेला निराळी असू शकते. त्यांतील रीअलटेकच्या काही चिपना २०२३ साली आलेल्या ६.२ या गाभ्यापासून अंगचा आधार मिळाला. चिप ओळखण्यासाठी टर्मिनलमध्ये आतील उपकरणांसाठी ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबी उपकरणांसाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. दुसऱ्या आज्ञेच्या उत्तरात मध्ये विसर्गासारखे चिन्ह असलेले, चार-चार अक्षर-अंकांचे दोन गट दिसतात. पहिला उत्पादकाचा, दुसरा उपकरणाचा. शोध घ्यावा तो या क्रमांकावरून.

आता पेच असा, की वायफायचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे. त्यावर सोपा उपाय आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने संगणकाला जोडून फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. लिनक्सला ती तारेची जोडणी वाटते आणि कोणत्याही ड्रायव्हरविना इंटरनेट मिळते. जेथे लॅनची तार नाही अशा गावी ही युक्ती हुकमी आहे.

पडदा काळा राहिला तर दोष बहुधा एनव्हीडियाच्या कार्डाचा. सुरुवातीच्या यादीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ निवडावा किंवा ‘नोमोडसेट’ हा शब्द बूटच्या ओळीत जोडावा. जुळणीच्या संगणकांत लोकप्रिय असलेले जीटी ७१० हे कार्ड ४७० क्रमांकाच्या ड्रायव्हरवर थांबले आहे आणि त्या मालिकेचा आधारही २०२४ मध्ये संपला. अशा कार्डासाठी लिनक्ससोबत येणारा ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर पुरेसा मानावा. किंवा प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्रव्यवस्था असेल तर कार्डच काढून टाकावे. कार्यालयीन कामाला त्याने काही उणे पडत नाही.

बंदिस्त ड्रायव्हर बसविताना स्थापक एक पासवर्ड ठरवायला सांगतो, याकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. सिक्युअर बूट चालू असेल तर पुढील वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ असा पर्याय काही सेकंद दिसतो. तो निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. ही संधी हुकली की ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण चालत नाही.

प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचे यंत्र

झेरॉक्सच्या दुकानाचे पोट प्रिंटरवर चालते, म्हणून याची परीक्षा सर्वांत आधी व्हावी. आपल्याकडे मुबलक असलेल्या एचपी लेझरजेट १०२० या यंत्रात स्वतःची कार्यप्रणाली साठवून ठेवण्याची सोय नाही. दर वेळी वीज आली की संगणकाकडून ती त्याला भरवावी लागते. लिनक्सवर ‘एचपीलिप’ हे साधन आणि त्याचे पूरक ‘प्लगइन’ बसविल्यावर हे काम आपोआप होते. एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइन पुन्हा उतरवावे लागते. ‘काल चालत होता, आज रांगेत काम अडकले’ असे झाल्यास पहिला संशय येथे घ्यावा.

कॅनॉनचा एलबीपी २९०० हा तितकाच लोकप्रिय, पण लिनक्सवर चिवट. तो ‘कॅप्ट’ या कंपनीच्या खास भाषेत बोलतो आणि लिनक्ससाठीचा अधिकृत ड्रायव्हर जुना असल्याने नव्या प्रणालींवर खटपट करावी लागते. ज्यांचा सारा धंदा याच एका प्रिंटरवर आहे त्यांनी तो चालल्याची खात्री होईपर्यंत विंडोज पुसू नये. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेसाठी ड्रायव्हर सहज मिळतात आणि अलीकडचे वायफाय प्रिंटर तर बहुधा ड्रायव्हरविनाच ओळखले जातात. स्कॅनरसाठी ‘सेन’ हा प्रकल्प आहे. कॅनॉनच्या लाइड मालिकेतील अनेक स्कॅनर त्यावर चालतात.

आधारवर चालणाऱ्या बँक-व्यवहारांचे बोटांच्या ठशांचे यंत्र ही मात्र वेगळी बाब. त्यासाठी लागणारी नोंदणीकृत सेवा उत्पादक मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. हे काम करणाऱ्यांनी ते फोनवर हलवावे किंवा त्यापुरते एक विंडोज यंत्र राखावे. यूएसबी लॉकवर चालणारी जुनी हिशेबाची आणि टंकनाची सॉफ्टवेअरे याच गटातली.

मराठी टंकनाचा प्रश्नही प्रणाली बदलण्याआधीच मिटवावा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये टंकलेली पत्रके लिनक्सवर अगम्य रोमन चिन्हांसारखी दिसतात, कारण मूळ मजकूर तसाच साठविलेला असतो आणि त्याला देवनागरी रूप देणारा फॉन्ट विंडोजमध्येच राहतो. तो फॉन्ट सोबत घ्यावा आणि हाताशी परिवर्तक असताना मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. नव्या टंकनासाठी लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट तर आहेच. पण सीमाभागातील वाचकांना कुतूहल वाटावे अशी एक गोष्ट कळफलकांच्या यादीत आहे. ‘मराठी (कागापा)’ या नावाचा पर्याय तेथे दिसतो. कागापा म्हणजे कन्नड गणक परिषद. तिच्या नावाने रूढ झालेली कळांची मांडणी लिनक्समध्ये कन्नडबरोबर मराठी आणि संस्कृतसाठीही दिलेली आहे. कन्नड टंकनाला सरावलेली बोटे त्याच कळांवर मराठी पावती लिहू शकतात.

बसविल्यानंतर

दुसरी डिस्क दर वेळी आपोआप उघडावी म्हणून अनेक जण ‘एफएसटॅब’ या धारिकेत तिची ओळ घालतात. तेथे ‘एसडीबी१’ असे नाव देऊ नये. एखादी पेनड्राइव्ह लावलेली असताना यंत्र सुरू केले तर ही नावे अदलाबदल होऊ शकतात. न बदलणारा ‘यूयूआयडी’ हा ओळखक्रमांक द्यावा. काढघाल होणाऱ्या डिस्कसाठी त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्दही असावा. तो नसेल आणि डिस्क घरी राहिली असेल, तर यंत्र तिची ९० सेकंद वाट पाहून आपत्कालीन काळ्या पडद्यावर थांबते. प्रणाली मोडली असे वाटते; प्रत्यक्षात एक डिस्क लावायची राहिलेली असते.

फोटोच्या दुकानात आणखी एक सवय बदलावी लागते. लिनक्स पेनड्राइव्हवरील लेखन आधी स्मृतीत गोळा करते. प्रगतीची पट्टी पूर्ण झाली तरी लेखन आत चालूच असू शकते. ‘इजेक्ट’ न करता काढलेल्या पेनड्राइव्हमध्ये गिऱ्हाइकाला गावी पोहोचल्यावर शून्य आकाराच्या धारिका मिळतात आणि तोवर त्याची गाडी गाणगापूर रोड स्थानकावरून केव्हाच सुटलेली असते.

दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर ठेवणाऱ्यांना घड्याळ चकवते. विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात भारतीय वेळ लिहिते, तर लिनक्स त्या घड्याळात जागतिक वेळ आहे असे धरून तीत साडेपाच तास मिळवते. त्यामुळे गाणगापुरात माध्यान्हीच्या मधुकरीची वेळ झालेली असताना, म्हणजे दुपारी १२ वाजता, लिनक्स सायंकाळचे साडेपाच दाखवू शकते. इंटरनेट मिळून ते सावरले आणि त्याने मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहिली, की पुढच्या वेळी विंडोज सकाळचे साडेसहा दाखवते. पावत्यांवर वेळ छापणाऱ्यांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ धरायला सांगता येते. फरक साडेपाच तासांचा नसून कित्येक वर्षांचा असेल, तर मात्र प्रणालीत काही बदलू नये. मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असतो. तारीख मागे गेल्याने सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि सुधारणाही उतरत नाहीत. हा सेल घड्याळजीच्या दुकानातही मिळतो.